आडव्या सायकलीला गटात जागा

पत्र :

‘मी अकरा वर्षं एकाच सायकलिंग क्लबमध्ये आहे. गेल्या वर्षी मानेच्या मणक्यांचं दुखणं सुरू झालं आणि हँडलवर वाकून बसणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलं. सात महिने सायकलशिवाय काढले. मग रिकम्बंट घेतली : पाठ टेकलेली, पाय पुढे. तीन महिने एकटीने सराव केला आणि गेल्या रविवारी हिंमत करून क्लबच्या राइडला गेले. एक जण सगळ्यांदेखत म्हणाला, “ही सायकलच नाही.” राइड लीडरने “तुम्ही सगळ्यांत मागे राहा” एवढंच सांगितलं, कारण काही सांगितलं नाही. त्याच राइडमध्ये दोघं जण एअरोबारवर (हँडलच्या पुढे निघालेल्या दांड्यांवर) कोपरं टेकवून गटाच्या मधोमध चालवत होते, त्यांना कुणी हटकलं नाही. आता क्लब नियम करतोय की ड्रॉप हँडलबारच्या, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या सायकलींनाच प्रवेश. म्हणजे मी बाहेर, आणि नुकतीच ई-बाइकवर यायला लागलेली आमची साठीतली एक मैत्रीणही बाहेर. भांडू, की गुपचूप क्लब सोडू?’

उत्तर :

क्लब सोडू नका. भांडायचं की नाही ते नंतर बघू, कारण तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. तुमचा अपमान झाला, ही एक. तुम्हाला मागे ठेवलं, ही दुसरी. अपमानाच्या बाबतीत तुमची काही चूक नाही. मागे ठेवण्याच्या बाबतीत मात्र राइड लीडरचं थोडंफार बरोबर असू शकतं, आणि ते मी तुम्हाला स्पष्ट सांगणार आहे. इतकी वर्षं गटात चालवलेल्या माणसाला ते नक्की कळेल.

आधी ‘ही सायकलच नाही’चं बघू. हा वाद नव्वद वर्षांहून जुना आहे. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या एका वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकवर, फ्रान्सिस फोर या सायकलपटूने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलीवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा विक्रम ऑस्कर एगच्या नावावर होता, ४४.२४७ किलोमीटरचा, आणि तो १९१४ पासून कुणाला मोडता आला नव्हता. फोर काही त्या काळच्या पहिल्या फळीतला नव्हता. लोकांना तेच खटकलं : जिंकलं कोण, माणूस की यंत्र? पुढच्याच वर्षी यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्या अशी बांधली की आडवी सायकल तिच्यात बसेना. तेव्हापासून ती यूसीआयच्या शर्यतींबाहेर आहे. पण ती बाहेर आहे ती शर्यतीतून. रविवारची क्लब राइड शर्यत नसते. आणि कुणी यूसीआयचं बोट धरून तुमच्याशी बोलायला आलंच, तर त्याच यूसीआयच्या नियमांत सगळे एकत्र सुटतात त्या रोड शर्यतींत एअरोबारलाही मनाई आहे, हे शांतपणे सांगा. नियम लावायचा असेल तर दोघांनाही लावा.

आता राइड लीडरच्या मनात काय असेल त्याकडे येतो. त्यांनी कारण सांगितलं नाही, ही त्यांची चूकच. पण कारण आहे. घरी सायकल भिंतीला टेकवून उभी करा आणि बाजूने दोन मिनिटं नीट बघा. बहुतेक शॉर्ट व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांत कमी अंतर असलेल्या रिकम्बंटमध्ये पुढचं चाक सगळ्यांत पुढे नसतंच. त्याच्याही पुढे नळी गेलेली असते, तिच्या टोकाला क्रँक, चेनरिंग (चेन फिरवणारं दातांचं चक्र) आणि पेडलं. साध्या सायकलवर चालवताना आपण पुढच्याचं मागचं चाक आणि आपलं पुढचं चाक यांतलं अंतर मोजतो. अकरा वर्षांत तुमच्या डोळ्याला त्याची सवय झाली आहे. रिकम्बंटवर तेच माप धरलंत, तर तुमचं चाक सुरक्षित अंतरावर असेल आणि चेनरिंगचे दात मात्र पुढच्याच्या टायरला, नाहीतर पोटरीला टेकायला आलेले असतील. म्हणून अंतर पेडलाच्या टोकापासून मोजायचं. दोन आठवडे मुद्दाम मोजा, मग आपोआप जमेल.

दुसरं कारण तुमच्या मागच्यांचं आहे. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाने सपाटीवर जाताना ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते, आणि पुढच्याच्या आडोशाने मागच्याची चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त मेहनत वाचते. तुम्ही खाली बसता, हवेला तुमचं अंग कमी सापडतं. तुमच्यासाठी ते चांगलं, पण तुमच्या मागे जो येईल त्याला आडोसा जवळजवळ मिळतच नाही. गटाच्या मध्ये तुम्ही आलात की तिथे एक खिडकी उघडल्यासारखं होतं. मागचा एकदम दमायला लागतो आणि का दमतोय हे त्याला समजत नाही. तिसरं कारण डोळ्यांचं. मागे वळून बघणाऱ्याची नजर दुसऱ्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर जाते, आणि तिथे तुम्ही नसता. कमरेच्या खाली केलेला हाताचा इशाराही मागच्यांना दिसत नाही.

या तीनही कारणांमुळे सुरुवातीच्या काही राइडना मागे राहणं शहाणपणाचं आहे. त्यात कमीपणा नाही. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची दीर्घ अंतराची सायकल मोहीम १८९१ पासूनची. हल्ली ती चार वर्षांतून एकदा होते. तिच्यात रिकम्बंट, टँडम (दोघांनी मिळून चालवायची सायकल), तीनचाकी सगळ्यांना प्रवेश असतो. फक्त अशा सायकलींचा गट वेगळा सुटतो, कारण त्यांचा वेग चढावर आणि उतारावर इतरांशी जुळत नाही. जागा वेगळी, पण मोहीम तीच, वाटेत कार्डावर मिळणारे शिक्के तेच. तुमच्या क्लबने तुम्हाला असंच सांगायला हवं होतं.

न सांगितल्याने काय होतं, ते मी माझ्या एका राइडमधून शिकलो आणि अजून विसरलेलो नाही. लीडर मीच होतो. एक जोडी टँडमवर आली. पुढे चालवणारे गृहस्थ अनुभवी होते, मागे त्यांचा मित्र, ज्याला दिसत नाही. मला इतका आनंद झाला, की ‘या, या’ म्हणून मी त्यांना गटाच्या मधोमध घेतलं. कौतुकाने घेतलं, पण दोन शब्द बोललो नाही. चढावर ते हळूहळू मागे पडले, पुन्हा येऊन मिळाले, सगळं छान चाललं होतं. मग लांब उतार लागला. टँडमवर वजन दोन माणसांचं असतं आणि वारा जवळपास एकाच माणसाचा लागतो, त्यामुळे ती उतारावर सुटते. पुढच्या वळणाला घाबरून आमच्यातल्या एकीने दोन्ही ब्रेक घट्ट दाबले. टँडमला थांबायला जागा उरली नाही. पुढच्याने सायकल रस्त्याबाहेर गवतात घातली आणि कशीबशी उभी ठेवली. मी धावत गेलो तेव्हा तापलेल्या ब्रेक पॅडचा वास येत होता. पुढे चालवणाऱ्या गृहस्थांची बोटं ब्रेकच्या लिव्हरवरून सुटत नव्हती. मागचा मित्र पुनःपुन्हा विचारत होता, “काय झालं? कुणाला लागलं का?” त्याला रस्ता सुटल्याचं फक्त चाकाखालून कळलं होतं.

सायकल वाईट नव्हती, चालवणाराही नाही. निघण्याआधी मी एक प्रश्न विचारायला हवा होता : उतारावर तुम्हाला पुढे सोडू का? तेव्हापासून कुठलीही वेगळी सायकल राइडला आली की मी तिच्या मालकाला तीन गोष्टी विचारतो. चढावर काय होतं, उतारावर काय होतं, आणि एकदम थांबावं लागलं तर काय होतं. उत्तरं ऐकली की जागा आपोआप ठरते.

तुमच्या बाबतीतली उत्तरं तुम्ही आधीच देऊन टाका, कुणी विचारायची वाट बघू नका. चढावर तुम्हाला पेडलवर उभं राहता येत नाही, त्यामुळे हलक्या गिअरमध्ये पाय फिरवत हळू चढावं लागतं, आणि वेग अगदी कमी झाला की सायकल थोडी डुलते. तेव्हा चढावर तुमच्या शेजारी कुणी चिकटून नको. यावर एक जुनी युक्ती आहे : चढाच्या पायथ्याशी तुम्ही गटाच्या पुढे असा. एकेक जण मोकळं अंतर ठेवून तुम्हाला ओलांडत जाईल, आणि माथ्यावर तुम्ही गटाच्या शेपटाशी असाल, पण गटातच. पायथ्याशीच मागे असाल, तर माथ्यावर सगळे तुमची वाट बघत उभे राहतात आणि दोन्ही बाजूंना ते नकोसं होतं. उतारावर उलटं. माथ्यावर हात दाखवा, सर्वांनी तुम्हाला पुढे जाऊ द्यावं, आणि उतार संपला की तुम्ही वेग कमी करून गटाला येऊ द्यावं. सपाटीवर शेवटच्या किंवा शेवटून दुसऱ्या जागी. पुढे येऊन ओढायची हौस असेल तर जरूर ओढा, फक्त मागच्याला सांगा की आडोसा मिळणार नाही.

काही बारीकसारीक गोष्टी तुम्ही कराल याची खात्री आहे, तरी लिहितो. आरसा लावा, शक्यतो दोन्ही बाजूंना. टेकलेल्या पाठीने मान वळवून मागे बघता येत नाही आणि तुमच्या मानेला ते नकोच आहे. इशारे तोंडाने द्या : ‘थांबतेय’, ‘खड्डा’, ‘गाडी’. सीटच्या मागे उंच काठीला झेंडा लावा. तुमचं पुढचं चाक लहान असेल तर त्या मापाची ट्यूब दुसऱ्या कुणाकडे असणार नाही, म्हणून दोन ट्यूब स्वतःच्या बाळगा. चेन साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब असते. ती तुटली तर जोडायला योग्य रुंदीची क्विक लिंक, म्हणजे हाताने बसवता येणारी कडी हवी. वेगळी सायकल चालवणाऱ्याने वेगळे सुटे भाग आपलेच आणावेत, याबाबत मी कुणालाच सूट देत नाही. निघताना पायाचा जोर नीट बसेपर्यंत दोन-तीन मीटर वाकडं जायला होतं, म्हणून सिग्नलला सुटताना इतरांना आधी जाऊ द्या.

आता त्या दोघांकडे, जे एअरोबारवर होते. तुमचा राग इथे योग्य आहे, आणि इथे क्लबला ठणकावून सांगायला हवं. एअरोबार एकट्याने चालवण्यासाठी आहेत. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड हा सायकलपटू एकूण वेळेत पहिल्या स्थानापेक्षा ५० सेकंदांनी मागे होता. २४.५ किलोमीटरच्या त्या टप्प्यात तो एअरोबारवर अंग चोरून बसला आणि शेवटी ८ सेकंदांनी टूर जिंकला. साधन उत्तमच आहे. पण तो टप्पा टाइम ट्रायलचा होता. प्रत्येक जण एकटा सुटतो, पुढे-मागे कुणी नसतं. गटात एअरोबारवर कोपरं टेकवली, की हात ब्रेकपासून लांब असतात. तीसच्या वेगाने सायकल एका सेकंदात आठ मीटरहून जास्त पुढे जाते. हात ब्रेकवर आणायला अर्धा सेकंद धरला तरी चार मीटर गेले, आणि गटात दोन चाकांमध्ये जेमतेम एक मीटर असतो. हा हिशेब कुठल्याही सभासदाला करून दाखवा. बार काढून टाकायची गरज नाही. गटात असेपर्यंत हात हुडवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या मुठीवर) किंवा ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खालच्या वळणात), बोटं लिव्हरवर. अंग चोरायचं असेल तर गटापुढे एकट्याने जा. एवढं पुरे आहे, आणि यात वाद घालण्यासारखं काहीच नाही.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण तुमच्या क्लबने नियम चुकीच्या जागी बांधायला घेतला आहे. ड्रॉप हँडलबार असलेला माणूस एअरोबारवर झोपून गटात चालवू शकतो, आणि सपाट हँडल असलेला माणूस अगदी सुरक्षित चालवू शकतो. हँडलचा आकार बघून काहीच कळत नाही. मागून येणाऱ्याला पुढच्याचा अंदाज येतो का, हे बघितलं की बरंच कळतं. फिक्सी घ्या : तिला फ्रीव्हील नसतं, चाक फिरत असेपर्यंत पेडलंही फिरत राहतात आणि पाय थांबवता येत नाहीत. पुढचा ब्रेक लावलेला असेल आणि चालवणारा सरावलेला असेल तर ती गटात छान चालते. ब्रेकच नसेल तर तिला गटात आणू नये. जाड टायरची फॅटबाइक सुरक्षित असते, फक्त ती चालवणारा वेग टिकवू शकणार आहे का ते आधीच विचारावं.

तुमच्या मैत्रिणीच्या ई-बाइकचंही असंच. युरोपात नेहमीच्या ई-बाइकची मोटर २५० वॉटपर्यंतची असते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होते. तिची सायकल अशी असेल, तर सपाटीवर गट २८ ने चालला असताना ती बिचारी वीस-बावीस किलोची सायकल स्वतःच्या पायांवर ओढत असते. तिला खरी मदत होते ती चढावर. तिथे तिने एकच पथ्य पाळावं : चढावर पुढे येऊन गटाचा वेग ठरवू नये. बाकीच्यांचे पाय जळत असतात आणि शेजारून कुणी गप्पा मारत निघून गेलं, की माणसं नको तितका जोर लावतात. बॅटरी पूर्ण अंतराला पुरेल ना, हेही तिने निघण्याआधी बघावं. मोटर बंद पडलेली ई-बाइक शेवटचे वीस किलोमीटर ढकलणं ही तिच्या एकटीची परीक्षा राहत नाही. साठीनंतर पुन्हा गटाबरोबर निघायची तिची इच्छा आहे, आणि क्लबने ती जपायला हवी. इतक्या वर्षांच्या मैत्रिणी आपण चढावर गमावू नयेत.

क्लबशी बोलताना आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, जी बाकीच्यांच्या लक्षातही येणार नाही. तुमचे डोळे आता इतरांच्या सीट पोस्टच्या, म्हणजे सीटखालच्या दांड्याच्या उंचीवर आहेत. मागचे लाल दिवे नेमके तिथेच लावलेले असतात, आणि पहाटे पूर्ण उजेडावर लुकलुकणारा दिवा तासभर डोळ्यांत येत राहिला तर पुढचा रस्ता दिसेनासा होतो. पावसात मडगार्ड नसलेल्या सायकलीमागे साध्या सायकलवाल्याच्या अंगावर चिखलाचा फवारा येतो. तुमच्या सरळ तोंडात येतो. तेव्हा तुम्ही मागे राहायला तयार असाल, तर तुमच्या पुढच्यानेही काही द्यायला हवं. गटात मागचा दिवा मंद आणि स्थिर ठेवावा, लुकलुकणारा मोड फक्त शेवटच्या सायकलवर. पावसाळी राइडला मडगार्ड लावावेत, आणि मागच्या मडगार्डला खालपर्यंत येणारा पट्टा असावा, कारण अर्ध्यावर संपलेल्या मडगार्डने फक्त चालवणाऱ्याची पाठ वाचते. हे तुमच्यासाठी मागा, फायदा सगळ्यांचा होईल.

भांडायचं का, हा तुमचा प्रश्न. नियमावर मतदान होण्याआधी राइड लीडरना एकट्यांना गाठा. गटात बोललात तर ज्याने ‘ही सायकलच नाही’ म्हटलं तो उत्तर देईल, आणि तुमचं बोलणं त्याच्याशी होऊन बसेल. लीडरना साधारण असं लिहा : ‘मला मागे ठेवलंत त्याचं कारण मला समजलं आहे आणि सध्या मला ते मान्य आहे. चढावर मी पायथ्याला पुढे असेन, उतारावर मला पुढे सोडा. माझे सुटे भाग मी आणते, इशारे तोंडाने देते. त्या बदल्यात नियम सायकलीच्या आकारावर नको, गटात वागण्यावर करा : हात ब्रेकवर, दिवा मंद, पावसात मडगार्ड, ठरलेला वेग. तो मला आणि एअरोबारवाल्यांना सारखाच लावा. चार राइडनंतर पुन्हा बोलू.’ चार राइड हा आकडा मुद्दाम घातला आहे. माणसं कायमचं काही मान्य करायला घाबरतात, चार रविवारांना नाही म्हणणं अवघड जातं.

एवढं करूनही त्यांनी ड्रॉप हँडलबारचाच नियम केला, तर मग सभेत उभ्या राहा आणि भांडा. तेव्हा तुमच्याकडे चार राइडचा अनुभव असेल, आणि ज्यांच्या मागे तुम्ही नीट चालवलंत ती माणसं तुमच्या बाजूने बोलतील.

आणि पुढच्या रविवारी दहा मिनिटं लवकर जा. सगळे जमायच्या आत लीडरना तुमच्या सीटवर बसवा, सायकल तुम्ही धरून ठेवा. पाय पेडलवर ठेवायला सांगा. दुसऱ्या कुणाची तरी सायकल त्यांच्या पुढे आणून उभी करा, साध्या सायकलवर ठेवतात तेवढ्या अंतरावर, तिचा मागचा दिवा चालू करून. मग काही न बोलता थांबा आणि त्यांना बघू द्या.